वर्गातले यंत्र आणि मुलाची भाषा

आपल्या मंडळाची स्थापना १९७५ सालची. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी या देशात शिक्षणाचा एक असा प्रयोग सुरू झाला की, ज्याची आठवण आज फार थोड्यांना उरली आहे. ओरिसा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीचे तीन मीटर व्यासाचे ताट उभे करून, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाने पाठविलेले चित्र शाळकरी मुलांना दाखविले जाऊ लागले. त्यांतील कित्येक खेड्यांत तोवर वीजही पोहोचली नव्हती. तेथील संच बॅटरीवर चालत. मुंबईपुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणी अद्याप अपूर्वाईची वस्तू असताना, संबलपूरच्या की रायपूरच्या मुलांनी ती आपल्या शाळेत पाहिली.

आज सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर उभे राहून मागे पाहताना आम्हांस वाटते की, गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मुलांच्या शिक्षणात जे घडले त्याचा धागा या प्रयोगापासून आजच्या भ्रमणध्वनीपर्यंत सलग ओढता येतो. संगणकाने शिक्षण बदलले, असे सारेच म्हणतात. काय बदलले आणि काय बदलले नाही, हे मात्र इतिहासाकडे पाहिल्यावाचून कळत नाही. शिवाय या इतिहासात महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांचा हात अनेक ठिकाणी लागलेला आहे, आणि ती गोष्ट आपल्या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी अशीच आहे.

खरे तर आरंभ याहून पुष्कळ मागे जातो. पेशवाई अद्याप नांदत होती त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांनी आपल्या राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा केला. व्यवहारात मोडी लिपी रूढ असताना राजांनी बालबोध अक्षरांची निवड केली आणि इसापच्या कथांचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून घेतले. तमिळ मुलखाच्या मधोमध, मराठी मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक! त्या काळचे सर्वांत नवे यंत्र म्हणजे छापखाना, आणि घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या एका मराठी राजाला त्याचा पहिला उपयोग सुचला तो मुलांच्या वाचनासाठी. याच राजांनी चालविलेल्या शाळांत तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी, इंग्रजी अशा अनेक भाषा शिकविल्या जात, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बडोद्याची कथा अधिक परिचित आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून त्यांनी जे ग्रंथालय खाते उभारले, त्याला पुढे दृश्यशिक्षणाची एक शाखा जोडली गेली. जादूचा कंदील आणि हलती चित्रे दाखविणारे यंत्र घेऊन तिचे लोक खेडोपाडी जात. महाराज मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. संस्थानाच्या शाळा व कारभार गुजरातीत चालावा, असा त्यांचा कटाक्ष होता. लोकांना यंत्र दाखवावयाचे, परंतु त्यांच्या भाषेतून शिकवावयाचे, हे बडोद्यात शतकापूर्वीच उमगले होते. पुढील काळात ते पुन्हा पुन्हा विसरले गेले, असे खेदाने म्हणावे लागते.

नभोवाणीवरील शालेय कार्यक्रम १९३७ पासून सुरू झाले आणि दिल्लीच्या माध्यमिक शाळांत १९६१ पासून दूरचित्रवाणीचे पाठ दाखविले जाऊ लागले. हे दोन्ही उपक्रम शहरांपुरते राहिले. म्हणून १९७५ च्या प्रयोगाकडे पुन्हा वळू.

‘साइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगाची कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांची. अमेरिकेच्या नासा संस्थेशी त्याविषयीचा करार १९६९ साली झाला. परंतु प्रयोग पाहण्यास साराभाई राहिले नाहीत, १९७१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६ नावाचा. तो एका वर्षापुरता उसना मिळालेला. भूकेंद्रे, ग्रहणसंच आणि कार्यक्रम मात्र आपले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे पहिले संचालक प्रा. यशपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून तेथे गेले होते आणि प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा होती कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्यावर. थुंबा येथील अग्निबाण केंद्राची जागा शोधण्यापासून साराभाईंच्या बरोबरीने वावरलेला हा मराठी शास्त्रज्ञ पुढे त्याच केंद्राचा संचालक झाला. १९८५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके घेतले जावयास हवे होते तितके घेतले गेले नाही, असे आमचे मत आहे.

या प्रयोगातील दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली भाषेची. सकाळचा शालेय कार्यक्रम दीड तासाचा असे आणि तो हिंदी, ओरिया, तेलुगू व कन्नड अशा चार भाषांत प्रत्येकी साडेबावीस मिनिटे वाटलेला असे. उपग्रहावर एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग पाठविण्याची सोय होती. म्हणजे चित्र एकच, पण एका गावी ते तेलुगू बोले आणि दुसऱ्या गावी कन्नड. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार होत ते मुंबईच्या स्टुडिओत, आणि पोहोचत महाराष्ट्राबाहेर. कारण सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. केवळ मुलांना पडद्यासमोर बसवून भागणार नाही, हे योजकांनी ओळखले होते. १९७५ च्या ऑक्टोबरात प्राथमिक शिक्षकांसाठी बारा दिवसांचा एक वर्ग भरला. तो एका जागी भरला नाही, तर एकाच वेळी त्या सर्व खेड्यांतून भरला. दूरचित्रवाणीवर पाठ, नभोवाणीवर चर्चा, हाती छापील पुस्तिका आणि गावातील साध्या वस्तूंतून करावयाचे विज्ञानाचे प्रयोग, असे त्याचे चार अंगांचे स्वरूप होते. पुढच्या वर्षी तो पुन्हा झाला आणि दोन खेपांत मिळून सुमारे ५० हजार शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला. इतक्या थोड्या दिवसांत इतक्या शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे काम त्यापूर्वी झाले नव्हते.

फळ काय मिळाले? मुलांची भाषा सुधारली, प्रश्न विचारण्याची व जाणून घेण्याची हौस वाढली, असे पाहणाऱ्यांना आढळले. शाळेतील हजेरी वाढली नाही आणि शाळा सोडणाऱ्यांची गळतीही थांबली नाही. गुरे राखावयास जाणाऱ्या मुलाला पडद्याने शाळेत आणले नाही, कारण त्याच्या घरची गरज पडद्याने भागत नव्हती. ३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि बहुसंख्य खेड्यांतील पडदे काळे पडले. काही भागांत पुढे जमिनीवरील प्रक्षेपक उभे राहिले खरे. परंतु ज्या गावांना वर्षभर सवय लावली त्यांना मध्येच सोडणे, हे आम्हांस आजही अन्यायाचे वाटते.

१९८४ साली दोन उपक्रम सुरू झाले. १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ दूरदर्शनवर दिसू लागला. कार्यक्रम चांगले असत, पण बहुतेक इंग्रजीत. दुसरा उपक्रम शाळांतील संगणकाचा. इलेक्ट्रॉनिकी विभाग व शिक्षण मंत्रालय यांनी ‘क्लास’ नावाची योजना आखून प्रथम २४८ शाळांत ब्रिटनहून आणविलेले बीबीसी मायक्रो संगणक बसविले. या यंत्राची स्मरणशक्ती ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या भ्रमणध्वनीवरील एखादे लहानसे छायाचित्रही त्यात मावणार नाही. यंत्र इंग्रजी, त्यावरचे पाठ इंग्रजी, आणि आज्ञा लिहावयाच्या त्या बेसिक नावाच्या सांकेतिक भाषेत, तीही इंग्रजी शब्दांचीच.

त्या काळात शाळेत असलेल्या मंडळींना संगणकाची खोली आठवत असेल. चपला बाहेर काढावयाच्या, पडदे ओढलेले, खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून बंदोबस्त, किल्ली मुख्याध्यापकांकडे. देवघराचाच थाट! एका यंत्रापुढे चार-पाच मुले दाटीवाटीने बसत आणि कळीपट्टीवर बोट ठेवण्याची पाळी आठवड्यातून एकदा येई. शिक्षकांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळे व त्यानंतर ते आणि त्यांचे यंत्र एकमेकांच्या हवाली. यंत्र बिघडले की ते महिनोन् महिने झाकलेले राही. साइटच्या योजकांनी शिक्षकाला आधी हाती धरले होते. येथे यंत्र आधी आले आणि शिक्षक मागाहून. भाषेचा विचार तर कोणी केलाच नाही. तरीही या खोल्यांतून काही मुले अशी निघाली की ज्यांनी पुढे संगणकाचाच व्यवसाय केला, हे नाकारता येणार नाही.

भाषेचा विचार दुसरीकडे चालू होता, आणि तो विभाग आमच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरी संगणकाचे काम सुरू झाले होते. मोहन तांबे हे त्या गटातील एक. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या जागतिक हिंदी संमेलनात त्यांचा देवनागरी संगणक लोकांना पाहावयास मिळाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, तेव्हा हे काम ‘जिस्ट’ या नावाने तेथे आले. त्यामागील कल्पना मोठी सुंदर होती. भारतीय लिप्या वेगळ्या दिसत असल्या तरी बहुतेकांची वर्णमाला एका जातीची. मग ‘क’ची कळ मराठीला, बंगालीला, तेलुगूला, गुजरातीला एकच का असू नये? याच विचारातून इन्स्क्रिप्ट ही कळपट्टीची मांडणी प्रमाण ठरली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मान्य केली. कोलकात्याच्या शाळेत बंगाली आणि घरी मराठी शिकणाऱ्या मुलाने एकदा कळा शिकल्या की त्याच बोटांनी त्याला दोन्ही लिप्या लिहिता येतात. आमच्यासारख्या परमुलखातील कुटुंबांसाठी याहून उपयुक्त योजना दुसरी नसावी. आणि ती फारच थोड्या शाळांनी शिकविली, हे आमचे दुर्दैव.

पुढे युनिकोड ही जागतिक प्रणाली आली आणि विंडोज २००० या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरे संगणकाच्या पोटातच बसविलेली मिळू लागली. त्या अक्षरांचे वळण ‘मंगल’ या नावाचे आणि ते रेखाटणारे सुलेखनकार म्हणजे आपले र. कृ. जोशी. जगातल्या कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पहिली देवनागरी पाहिली ती एका मराठी हाताच्या वळणाची, पण हे किती जणांना ठाऊक असेल?

त्यापूर्वीचे दिवस स्मरणिका काढणाऱ्या कोणत्याही मंडळाला विसरता येणार नाहीत. एका अक्षरवळणात जुळविलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे आणि चारशे किलोमीटरवरून आलेला लेख पुन्हा पहिल्यापासून टंकित करावा लागे. त्यातही मराठीचे हाल वेगळे. अक्षरवळणे पुष्कळदा हिंदीच्या सोयीने केलेली. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, ‘ळ’ ओशाळवाणा, आणि ‘ऱ्य’ तर बहुधा नसेच. परिणामी ‘आचाऱ्यांनी’ स्वयंपाक केला असे लिहावयाचे असता ‘आचार्यांनी’ तो केल्याचे छापून येई, आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ थेट समुद्राला मिळत! ही केवळ गंमत नव्हे. जे मूल मराठी अक्षरे प्रथम पडद्यावरच पाहते त्याच्या डोळ्यांत तेच वळण बसते, आणि महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलासमोर ती चूक दाखविणारी दुकानाची पाटी किंवा एसटीचा फलक नसतो.

नव्या शतकातील घडामोडी वाचकांच्या डोळ्यांदेखत घडल्या, म्हणून त्यांचा आढावा थोडक्यात घेतो. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत कालकाजी येथे सुगत मित्र यांनी एका भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतल्या मुलांसाठी मोकळा सोडला. कोणी न शिकविता मुले तो चालवू लागली, आणि शिक्षकाची गरज संपली असे काहींना वाटू लागले. यंत्र चालविता येणे आणि त्याच्यापासून शिकणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, इतकेच आम्ही म्हणू. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला व २०१० साली तो सेवानिवृत्त झाला. त्याचा उत्तम उपयोग करणाऱ्यांत केरळ अग्रेसर राहिले. तेथे २००१ पासूनच शाळांतील संगणकाची योजना शिक्षकांच्या प्रशिक्षणापासून सुरू झालेली होती. मुक्त प्रणाली वापरल्यामुळे पडद्यावरील आज्ञा मल्याळममध्ये आणता आल्या. जून २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद असताना केरळने ‘फर्स्ट बेल’ या नावाने दूरचित्रवाणीवर वर्ग सुरू केले, तेव्हा तमिळ व कन्नड माध्यमाच्या आपल्या अल्पसंख्य मुलांसाठीही पाठ तयार केले. परप्रांतात राहणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण खुद्द महाराष्ट्रातले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले तेव्हा त्यांना आढळले की, कित्येक मुलींच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तक मराठी. गुरुजींनी स्वतः ती भाषा शिकून घेतली, पाठ मुलींच्या भाषेत आणले आणि पुस्तकाच्या पानावर चौकोनी क्यूआर संकेत छापून त्यामागे कवितांचे ध्वनिमुद्रण व चित्रफिती ठेवल्या. पुढे हे संकेत महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि मग देशभरातील पुस्तकांत आले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलर्सचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. वृत्तपत्रांनी संकेतांविषयी पुष्कळ लिहिले. गुरुजी मुलांची भाषा शिकले, हे त्या मानाने कमी लिहिले गेले. आमच्या मते संकेत चालले ते त्या आधीच्या पायरीमुळे.

महामारीच्या काळाने सगळ्याची कसोटी लावली. ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार, शाळेत जाणारे मूल असलेल्या ग्रामीण घरांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० साली हे प्रमाण ६१.८ टक्के आणि २०२२ साली ७४.८ टक्के झाले. इतक्या वेगाने कोणतेही शैक्षणिक साधन या देशात घरोघरी पोहोचलेले नाही, पाटीसुद्धा नाही. आणि त्याच पाहणीत, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. साधन दुप्पट झाले आणि वाचन घसरले. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ टक्के झाले. तोवर शाळा उघडल्या होत्या. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागील आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के.

याच काळात झारखंडच्या दुमका जिल्ह्यातील एका शाळेने गावात जागोजागी ध्वनिवर्धक लावून पाठ ऐकविले आणि त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या गावात शिक्षकांनी घरांच्या मातीच्या भिंतींवर काळे फळे रंगवून प्रत्येक मुलाला आपापल्या भिंतीशी बसविले. ज्यांच्यापाशी फोन नव्हता त्यांचा वर्ग असा चालला.

आता आपल्या घरांकडे वळू. पूर्वी सुट्टीत गावी गेलेला कोणी परतताना बालभारतीची पुस्तके ट्रंकेत घालून आणी व ती मंडळातील चार घरांत फिरत. आज पहिलीपासूनची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर खुला आहे. मोल्सवर्थचा कोश, ज्याची १८५७ ची आवृत्ती पाहण्यासाठी पूर्वी मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकताच उघडतो. मंडळाच्या दोन कपाटांच्या वाचनालयाला पन्नास वर्षांत जे जमले नाही ते यंत्राने केले, हे मोकळेपणी मान्य करावयास हवे.

आणि आजी-आजोबांशी होणारे बोलणे? आमच्या लहानपणी वर्षातून दोन-चार पत्रे जात. आज नातवंडे रोज संध्याकाळी आजीचा चेहरा पाहून बोलतात. परप्रांतात जन्मलेल्या मुलांचे बोलणे त्यामुळे पूर्वीपेक्षा सफाईदार झाले आहे, हे आमच्या रविवारच्या मराठी वर्गात शिकविणाऱ्या भगिनी एकमुखाने सांगतात. परंतु त्याच पुढे असेही सांगतात की, ही मुले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत, आणि देवनागरी वाचतात ती हिंदीच्या आधाराने. ‘ळ’ आला की अडखळतात आणि ‘च’चे दोन उच्चार त्यांना ठाऊकच नसतात. पत्र लिहिणाऱ्या पिढीचे बोलणे मोडके होते पण लिहिणे शाबूत होते; आता नेमके उलट झाले आहे.

गेल्या दोन वर्षांपासून या वर्गाने आपली पद्धत बदलली आहे. बालभारतीचा धडा फोनवर न दाखविता कागदावर छापून देतात. घरी आजीने किंवा आजोबांनी तो फोनवरून वाचून दाखवावयाचा, मुलाने बोट ठेवून ऐकावयाचा आणि रविवारी पाच ओळी हाताने लिहून आणावयाच्या. चौथीपुढील मुलांना इन्स्क्रिप्ट कळपट्टी शिकविण्यास याच वर्षी आरंभ झाला. या स्मरणिकेतील बालविभागाची सात पाने त्या मुलांनीच जुळविली आहेत. त्यांतील ‘ऱ्य’ आम्ही मुद्दाम तपासून पाहिला.